सात तोंडं, एक घसा

वादळ गेल्यावर चौथ्या दिवशी
बारासच्या शाळेत जनरेटर आला,
आणि त्याच्यामागोमाग सगळं गाव,
हातात मेलेले फोन घेऊन.

मानाय फेलिसिदादनं टेबलावरचा ओला कपडा काढला,
फरशीचा एक तुटका तुकडा पुसून ठेवला,
त्यावर हब. काळा, वीतभर, सात तोंडांचा.
"याला तापायला होतं," ती म्हणाली,
"खाली गादी, वर पांघरूण, काही खपत नाही."

सोळा वर्षं ती लागुनाच्या कारखान्यात होती,
भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडत.
डोळे अधू झाल्यावर परतली, अबाकाचे दोर वळायला.
म्हणून अडॅप्टरवरची मुंगीएवढी अक्षरं
तिनं मला वाचायला लावली:
पाच व्होल्ट, चार अँपियर.
"म्हणजे घसा एवढाच."
अंगठ्याला तर्जनी जोडून दाखवली.
"तोंडं सात असली म्हणून काय झालं?"

मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती सांगेल तसं मी लिहिलं:
एका वेळी चारच.
ओला फोन नाही. सोललेली वायर नाही.
हबला हब नाही.
जनरेटरचा खोकला थांबेपर्यंत कुणी काही खुपसू नये.

लोक चिडले. चिडणारच.
तीन भोकं रिकामी
आणि रांग आडव्या पडलेल्या फणसापर्यंत.
ओन्योक दुकानदार म्हणाला, ही तीन काय शोभेला?
ती बोलली नाही.
हाताची पालथी बाजू तिनं हबवर टेकवली,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावी तशी,
आणि ओन्योकचा हात ओढून तोही टेकवला.
"कोमट आहे."
"चारांवर कोमट," ती म्हणाली.

मी वही धरली होती.
वीस टक्के झाले की पुढचा.
वीस टक्क्यांत सांगता येतं की आपण आहोत.
नोएमीनं सांगितलं. हाँगकाँगहून तिच्या मुलीनं
असा आवाज काढला
की रांगेतलं कुणीच नोएमीकडे पाहिलं नाही.

दुपारी तिबुर्सियो आला, खाडीपलीकडून, चालत.
त्याच्या फोनचं पाठचं झाकण
बेडकाच्या पोटासारखं टम्म.
मानायनं तो दोन बोटांत धरला.
"नाही."
"पाचच मिनिटं."
"एक मिनिटही नाही."
"अगं, लुसिंगचा आवाज आहे त्यात."

लुसिंग मार्चमध्ये गेली. ठाऊक होतं सगळ्यांना.
रांगेतून कुणीतरी म्हणालं, लाव की,
पाच मिनिटांनी काय होतंय.
जनरेटर आपला धडधडत होता.
"हा पेटला," मानाय म्हणाली,
"तर आवाजही जाईल आणि शाळाही."

मग तिनं माझ्या केसातली पिन मागितली.
फोनच्या कडेला सुईएवढं भोक,
त्यातून इवलासा खण बाहेर आला,
त्यात नखाएवढं कार्ड.
"असलं तर यात असेल. नसलं तर नाही."
फुगलेला फोन वाळूच्या बादलीत घालून
तिनं स्वतः मैदानाच्या पार टोकाला नेऊन ठेवला.

कार्ड माझ्या फोनमध्ये बसलं. माझे तेरा टक्के.
आधी कोंबड्यांचे फोटो निघाले,
एकाच झुंजीच्या कोंबड्याचे, एकशे चाळीस,
आणि रांगेत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.
मग सहा सेकंद:
भात चढव, मला उशीर होईल,
आणि मागे कुणाचीतरी मोटारसायकल.

त्यानं पुन्हा लावलं.
पुन्हा लावलं.
भिंतीकडे तोंड करून, कान झाकून.
मी फोन परत मागितला नाही.
चार टक्के उरले तेव्हा त्यानंच दिला,
शर्टाला पुसून.

मी वहीत शेवटी माझं नाव लिहिलं. एक्कावन्नावं.
मानायनं ते वाचलं,
वर घेतलं नाही.
हब तेवढा पुन्हा एकदा हात लावून पाहिला.